विकले, पण ‘न मम’ म्हटले नाही

होमात आहुती टाकताना यजमान ‘न मम’ म्हणतो. दानाचे उदक सोडतानाही तेच दोन शब्द उच्चारले जातात. दिलेल्या वस्तूवरचा आपला हक्क संपला, ती आता दुसऱ्याची झाली, हा त्यांचा अर्थ. बाजारात हे शब्द कोणी उच्चारत नाही, तरी प्रत्येक प्रामाणिक विक्रीच्या पोटात ते असतातच. कासाराने समई विकली की ती समई आपल्या देवघराची झाली. तिच्यात तेल घालावयाचे की तूप, ती लेकीला द्यावयाची की देवळास अर्पण करावयाची, हे ठरविण्यास कासार पुन्हा आपल्या दारी येत नाही. ज्या व्यापारात किंमत पुरती वसूल केली जाते पण ‘न मम’ कधीच म्हटले जात नाही, अशा एका नव्या व्यापाराविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. तो व्यापार दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या खेळयंत्रांचा, म्हणजे ज्यांना घरोघरची मुले कन्सोल म्हणतात त्यांचा, आणि त्यांवरील नव्या खेळांचा आहे.

देवळे, उत्सव, भाषा आणि परंपरा यांची चर्चा करणाऱ्या या पानांत हा विषय कोठून आला, असे काही वाचकांस वाटेल. आमचे उत्तर सरळ आहे. हे यंत्र आता आपल्याच घरांत आले आहे. २ फेब्रुवारी २०२१ रोजी प्लेस्टेशन ५ भारतात विक्रीस आले, तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. एवढी रक्कम मध्यमवर्गीय कुटुंब सहज खर्च करीत नाही. कोठे बोनसचे पैसे असतात, कोठे आजीने नातवाच्या मुंजीत दिलेली भेट असते, कोठे पहिल्या पगारातून साठविलेली शिल्लक असते. असा पैसा जेथे जातो, तेथे त्याच्या बदल्यात काय मिळते हे पाहणे समाजाचे कर्तव्य ठरते. आम्ही स्वतः हे खेळ आवडीने खेळतो, म्हणूनच हे लिहीत आहोत. ज्याला खेळाची चाडच नाही, त्याला त्यातील फसवणुकीची चीडही येणार नाही.

आम्ही बालाघाटचे. वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा १८६७ साली बनला. त्यापूर्वी या मुलखावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे येथील कित्येक घरांत मराठी, बाजारात हिंदी आणि शेजारी पोवारी व गोंडी असा भाषांचा संगम आजही आहे. भरवेलीचे मँगनीज, मलाजखंडचे तांबे आणि चिन्नोर तांदूळ हे या जिल्ह्याचे तीन मोठे विक्रय. भरवेलीचे मँगनीज ज्या कारखान्याने विकत घेतले, त्याच्या भट्टीपाशी दहा वर्षांनी जाऊन ‘आता आमचे मँगनीज परत करा’ असे खाणवाला म्हणत नाही. चिन्नोरचे पोते ज्याने नेले, त्याच्या स्वयंपाकघरात शिरून शेतकरी शिजलेला भात उचलून नेत नाही. विक्री म्हणजे काय हे आमच्या जिल्ह्यातील अडाणी माणसासही कळते. ते जगातील मोठमोठ्या कंपन्यांस कळू नये, हे आम्हांस पटत नाही. कळते, पण सोयीचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आरोप मोघम राहू नये म्हणून एक उदाहरण तपशीलाने देतो. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ‘द क्रू’ नावाचा मोटारशर्यतीचा खेळ विक्रीस आणला. अमेरिकेचा सारा भूभाग लहान प्रमाणात पडद्यावर उभा करून त्यात वाहन हाकण्याचा तो खेळ होता. तो एकट्याने खेळावयाचा असला, तरीही कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी असल्याखेरीज चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते सर्व्हर बंद केले. त्या क्षणी जगभरच्या घरांतील त्या खेळाच्या तबकड्या निरुपयोगी झाल्या. तबकडीवर ओरखडा नव्हता, यंत्र ठणठणीत होते, मालकाने पैसे पूर्ण भरले होते; तरी खेळ उघडेना. पुढे तर कित्येकांच्या खात्यांतून त्या खेळाचा परवानाच काढून घेण्यात आला. त्याच वर्षीच्या जानेवारीत याच कंपनीच्या एका अधिकाऱ्याने असे सांगितले होते की, वर्गणीची पद्धत वाढावयाची असेल तर खेळ आपल्या मालकीचा असावा ही खेळाडूंची सवय बदलली पाहिजे. त्याने ‘सवय’ असा शब्द वापरला! मालकी ही सवय नव्हे. पैसे मोजून मिळविलेला तो हक्क आहे.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहा. २००९ साली हैदराबादच्या एका कंपनीने तयार केलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ सोनीने प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी भारतात आणला. त्या यंत्रासाठी पूर्णपणे भारतात घडविलेला तो पहिला खेळ. त्यावर त्या वेळी वादही झाला. देवतेला कळीच्या बटणांनी नाचविणे हा अवमान आहे, अशी हरकत अमेरिकेतील एका हिंदू पुढाऱ्याने घेतली होती. त्या हरकतीशी आम्ही सहमत नाही. दशावतारात रात्रभर विष्णूचे सोंग धारण करणारा नट पहाटे मुखवटा उतरवितो, रामलीलेत गावातलाच मुलगा मारुती होऊन उड्या मारतो. आपल्या देवांस खेळाचे वावडे कधीच नव्हते. तो खेळ कारागिरीच्या दृष्टीने सामान्य होता, एवढीच आमची तक्रार. परंतु आज मुद्दा निराळा आहे. २००९ सालची ती तबकडी आणि ते जुने यंत्र ज्याच्या घरी सुस्थितीत असेल, तो आजही ती आत सरकवून खेळ सुरू करू शकतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, खाते लागत नाही, इंटरनेट लागत नाही. पाच वर्षांनी जुना असलेला खेळ जिवंत आणि पाच वर्षांनी नवा असलेला मृत! यंत्रविद्या पुढे गेली आणि ग्राहक मागे गेला, याहून स्पष्ट पुरावा आम्हांस नको.

हा एकटादुकटा अपघात आहे असे कोणी म्हणू नये. सारा ओघ त्याच दिशेने चालला आहे. २०२० साली आलेल्या एक्सबॉक्स सिरीज एस या यंत्रात तबकडीला जागाच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेले प्लेस्टेशन ५ प्रो तबकडीच्या खणावाचून विकले गेले. खण हवा असेल तर तो निराळे पैसे देऊन घ्यावयाचा. निन्टेन्डोने तर जून २०२५ मध्ये स्विच २ आणताना आणखी एक युक्ती काढली. त्याच्या काही खेळांच्या डबीत कार्ड असते, पण कार्डात खेळ नसतो. खेळ उतरवून घेण्याची किल्ली तेवढी असते. देवळात जावे आणि पुजाऱ्याने प्रसादाचा द्रोण हाती द्यावा, त्यात मात्र प्रसाद मिळण्याच्या खिडकीचा पत्ता असावा, तसलाच हा प्रकार. ती खिडकी उद्या बंद झाली तर द्रोणाचे काय करावयाचे? खिडक्या बंद होतात, हेही आपण पाहिले आहे. याच निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या दोन यंत्रांचे विक्रीदालन २७ मार्च २०२३ रोजी कायमचे मिटून टाकले.

आता या वाटेने बालाघाटसारख्या गावाची काय गत होते ते पाहा. आजचा एखादा मोठा खेळ शंभर गिगाबाइटच्या घरात जातो. ज्या खेड्यात तारेने येणारे इंटरनेट नाही आणि रोजचे दोन गिगाबाइट देणाऱ्या मोबाइलच्या योजनेवरच भागवावे लागते, तेथे असा एक खेळ उतरवून घेण्यास पन्नास दिवस लागतील, तेही घरातील इतर कोणी त्या दिवसांत काही पाहिले-ऐकले नाही तर. बैहरच्या डोंगरातील किंवा लांजीकडील मुलाने गोंदियास किंवा नागपुरास जाऊन तबकडी आणणे हा त्याच्यासाठी सोपा मार्ग होता. शिवाय खेळून झाल्यावर ती तबकडी मित्राला देता येत असे, अर्ध्या किमतीस विकता येत असे, धाकट्या भावासाठी ठेवता येत असे. लहान गावांतील खेळाडूंची सारी संस्कृती या देवाणघेवाणीवर उभी होती. खात्यात उतरविलेला खेळ असा मित्रास विकता येत नाही. म्हणजे तबकडी गेली की शहरातील श्रीमंत मुलाची थोडी गैरसोय होते, आणि गावातील बेताच्या परिस्थितीतील मुलाचा खेळच जातो.

ऑनलाइन सेवांचाही हिशेब येथेच मांडू. प्लेस्टेशन प्लस ही वर्गणी २०१० साली सुरू झाली, तेव्हा ती ऐच्छिक होती. पुढच्याच पिढीच्या यंत्रावर, प्लेस्टेशन ४ वर, बहुतेक विकत घेतलेल्या खेळांत दुसऱ्याशी खेळावयाचे तर ती भरणे सक्तीचे झाले. म्हणजे यंत्राचे पैसे दिले, खेळाचे दिले, इंटरनेटचे दिले, तरी दाराशी पुन्हा जकातनाका आहेच. आणि जकात वाढतच जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये या सेवेची अमेरिकेतील वार्षिक वर्गणी साठ डॉलरवरून ऐंशी झाली. मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या सेवेचा सर्वांत वरचा दर अमेरिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये महिना वीस डॉलरवरून तीस झाला. एवढे देऊन सेवा अखंड मिळते असेही नाही. एप्रिल २०११ मध्ये प्लेस्टेशनच्या जाळ्यात चोर शिरले, सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती उघडी पडली आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ ते जाळे बंद राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पुन्हा जवळजवळ एक दिवस बंद पडले. यंत्र बिघडणे समजू शकते. पण ज्या खेळाला दुसऱ्या माणसाची गरजच नाही, तोही त्या बिघाडाबरोबर का बंद पडावा, याचे उत्तर कोणी देत नाही.

कंपन्यांनी सर्वत्र वाईटच वर्तन केले असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. गूगलने स्टेडिया ही आपली सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद केली, तेव्हा तेथे विकलेल्या खेळांचे पैसे परत केले. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ हा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला, अवघ्या दोन आठवड्यांत, बंद झाला. त्याचेही पैसे ग्राहकांस परत मिळाले. याबद्दल त्यांना श्रेय द्यावयास हवे. पण या परताव्यातूनच आमचा मुद्दा सिद्ध होतो. घेतलेली वस्तू काढून घेतली तर पैसे परत करणे योग्य, हे त्यांनीच आपल्या हाताने मान्य केले आहे. मग जे तत्त्व दोन आठवड्यांच्या खेळास लागू पडते, ते दहा वर्षांच्या खेळास का लागू नये? जितका जुना खेळ, तितका त्यात माणसाचा जीव अधिक गुंतलेला.

आता आपल्याच घरातील एका आक्षेपाकडे वळू. ‘बंद पडले तर बरेच झाले, मुले वाया तरी जाणार नाहीत,’ असे देवळाच्या सभामंडपात बसलेले ज्येष्ठ म्हणतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून आम्ही विचारतो की, खेळ हा आपल्या धर्माला परका केव्हापासून झाला? वेरुळच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेली आहेत. मोक्षपटाची सोंगटी चढत-उतरत वैकुंठास जाते, आणि परंपरा तो पट ज्ञानेश्वर माउलींच्या नावावर सांगते. गोमंतकातील वाचकांस तर आम्ही काय सांगावे! कैलासावर पार्वतीशी सारीपाट खेळताना शंकर सर्वस्व हरले, रुसून दक्षिणेस आले, त्यांच्या शोधात आलेल्या पार्वतीने वाघ पाहून भयाने हाक मारली आणि त्या हाकेतून मांगीश हे नाव झाले, ही कथा मंगेशीच्या प्रत्येक भक्तास ठाऊक आहे. ज्यांच्या कुलदैवताच्या स्थलपुराणाचा आरंभच एका खेळाने होतो, त्यांनी खेळ म्हटल्याबरोबर नाक मुरडावे हे शोभत नाही.

जुगाराची गोष्ट निराळी, आणि तेथे आम्ही ज्येष्ठांच्याच बाजूस आहोत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा जो कायदा केला, त्याने पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-क्रीडा व मनोरंजनाचे खेळ यांना वेगळे मानून उत्तेजन देण्याचे धोरण ठेवले. द्यूत आणि क्रीडा यांतील हा विवेक स्तुत्य आहे. तोच विवेक कन्सोलवरील एका प्रथेलाही लावावयास हवा. काही खेळांत आत काय निघेल हे न सांगता बंद पेट्या खऱ्या पैशाने विकल्या जातात. फुटबॉलच्या एका प्रसिद्ध खेळात अशा पाकिटांतून खेळाडू निघतात. बेल्जियममधील अधिकाऱ्यांनी २०१८ साली यास जुगार ठरविले आणि पुढच्या वर्षी त्या कंपनीस तेथील विक्री थांबवावी लागली. सभामंडपातील ज्येष्ठांनी आपला राग येथे खर्च करावा. सारा खेळच वाईट असे म्हणून बाजूला बसल्याने मुलगा खेळावयाचा थांबत नाही. वडीलधाऱ्यांस विचारावयाचे मात्र थांबतो, आणि मग त्या बंद पेटीपाशी तो एकटा सापडतो.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. वर्गणीने गरिबाचे भले होते, असे म्हणतात. एका नव्या खेळास चार-पाच हजार रुपये घालविण्याऐवजी महिन्याला काही शे रुपयांत शेकडो खेळ मिळत असतील, तर बालाघाटच्या मुलाने कोणता मार्ग धरावा? आम्ही म्हणू, त्याने खुशाल वर्गणी भरावी. आपली वाचनालये वर्गणीवरच चालली आणि त्यांनी पिढ्या घडविल्या. आमचे भांडण भाड्याशी नाही. भाड्याने दिलेली वस्तू भाड्याची म्हणूनच द्यावी, आणि विकलेली वस्तू विकलीच असावी, एवढेच मागणे आहे. वाचनालयातून पुस्तक परत जाते, पण तेच पुस्तक बाजारात विकत मिळते व घरच्या कपाटात राहते. भाडे आणि विक्री या दोन्ही वाटा खुल्या असल्या म्हणजेच भाडे वाजवी राहते. विक्रीची वाट बुजली की भाडेकरूस घरमालक सांगेल तो दर द्यावा लागतो. वर दिलेली दरवाढ आपण पाहिलीच आहे.

तिसरा आक्षेप कंपन्यांचा. सर्व्हर चालविण्यास खर्च येतो, तो अनंत काळ कोण करणार, असे त्या विचारतात. कोणी करावा असे आम्ही म्हणतच नाही. दुकान बंद करणाऱ्याने दिलेला माल चालू स्थितीत सोडून जावे, इतकेच. आणि हे अशक्य नाही. ‘रेडफॉल’ या फसलेल्या खेळाला मे २०२४ मध्ये शेवटची दुरुस्ती देताना इंटरनेटवाचून खेळण्याची सोय देण्यात आली. ‘सुइसाइड स्क्वॉड’ हा खेळही त्याच वर्षीच्या डिसेंबरात तसाच मोकळा करण्यात आला. खुद्द युबिसॉफ्टने ‘द क्रू’चा दुसरा भाग २०२५ मध्ये जोडणीवाचून खेळण्याजोगा केला. पहिल्या भागाच्या वेळी जे जमत नव्हते, ते दुसऱ्या वेळी कसे जमले? मध्यंतरी काय घडले ते पाहिले की उत्तर मिळते. एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट या एका सामान्य खेळप्रेमी माणसाने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ सुरू केली. युरोपीय संघापुढे ठेवावयाच्या तिच्या मागणीपत्रावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू झाला की, केवळ परवाना देणाऱ्या डिजिटल विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगितल्यावाचून ‘विकत घ्या’ हे शब्द वापरू नयेत. अशक्य म्हणून जे सांगितले जात होते, ते लोकांनी आवाज उठविताच शक्य होऊ लागले.

आपल्याकडे या प्रश्नावर सामसूम आहे, आणि त्याचे एक कारण भाषेत आहे. खेळ सुरू करताना पडद्यावर कराराची लांबलचक पाने येतात. ती कायदेशीर इंग्रजीत असतात. वैनगंगेकाठच्या मुलाने किंवा फोंड्याच्या मुलीने ती वाचलीच नाहीत, तर दोष कोणाचा? कोंकणी १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन भाषांत मोठ्या कन्सोल कंपनीचा एकही करार आमच्या पाहण्यात नाही. विकत घेतो आहोत असे समजून बोट दाबावयाचे, आणि परक्या भाषेत त्याच बोटाने मालकी सोडून द्यावयाची, असा हा व्यवहार आहे. आपल्या कथा मात्र त्यांना हव्या असतात. २०१७ साली आलेला ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ हा परदेशी खेळ सह्याद्रीच्या घाटांत घडतो, त्यात होयसळांची मंदिरे आहेत, गणेशाचा सुळा आहे, परशुरामाचा परशू आहे. परशुरामभूमीतील माणसांनी तो खेळ कौतुकाने खेळावा इतका देखणा आहे. आमच्या देवळांची शिल्पे त्यांच्या पडद्यावर शोभतात, तर आमची भाषा त्यांच्या करारनाम्यात का शोभू नये?

येथे आपल्या लोकांनीही चांगले काम केले आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा खेळ केला. राजी ही सर्कशीतील मुलगी; असुरांनी नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात ती निघते आणि दुर्गेच्या कृपेने तिला त्रिशूळ मिळतो. पहाडी चित्रशैली, छायाबाहुल्या आणि देवळांचे प्राकार यांनी तो खेळ नटलेला आहे. आपल्या नातवंडांना दुर्गासप्तशतीची ओळख या वाटेनेही होऊ शकते, असे आम्हांस तो खेळताना वाटले. पण ज्यांनी तो उतरवून घेतला आहे, त्यांच्याजवळ तो किती वर्षे राहील, हे पुण्याच्या हाती नाही. ते परदेशातील दालनाच्या मर्जीवर आहे.

देवाची तुलना खेळाशी करण्याचा आमचा हेतू नाही. पण वस्तू आपल्या हाती असणे म्हणजे काय, हे गोमंतकाच्या इतिहासाइतके दुसऱ्या कोणी शिकविलेले नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडावयास घेतली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. मूर्ती भक्तांच्या हाती होत्या, म्हणून त्या रातोरात नदीपार नेता आल्या. परंपरा त्याचीच टिकते, ज्याच्या हाती तिची साधने असतात. पोथी घरात असली तर राज्य बदलले तरी पारायण चालू राहते. आमच्या पिढीच्या कथा, चित्रे आणि संगीत यांचा मोठा वाटा या खेळांत साठत चालला आहे. त्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असावी, हे आम्हांस मान्य नाही.

तेव्हा करावयाचे काय? कायदा अगदीच दुबळा नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. त्यात ‘अन्याय्य करार’ ही संज्ञा आहे, आणि वाजवी कारणावाचून एकाच पक्षाने करार संपविण्याची मुभा देणारे कलम तिच्यात मोडते. अशा कराराविरुद्ध राज्य आयोगापुढे तक्रार करता येते, आणि तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाण्याची मुभा हा कायदा देतो. म्हणजे बालाघाटच्या ग्राहकाने पॅरिसला किंवा टोकियोला जावयाचे कारण नाही. भोपाळचे दार त्याला उघडे आहे, तसेच महाराष्ट्रातील ग्राहकाला मुंबईचे आणि गोव्यातील ग्राहकाला पणजीचे. आपल्या समाजात वकिलांची वाण नाही. त्यांपैकी एखाद्याने एका मृत खेळाची एक तबकडी घेऊन हे दार ठोठवावे, एवढीच आमची विनंती.

सरकारकडे आमच्या मागण्या तीन आहेत. परवाना देणाऱ्याने ‘विक्री’ हा शब्द वापरू नये. विकलेला खेळ बंद करावयाचा असल्यास तो जोडणीवाचून चालेल असा करून सोडावा, नाहीतर पैसे परत करावेत. आणि कराराचा सारांश, मालकी कोणाची व किती दिवसांची हे सांगणारा, ग्राहकाच्या भाषेत द्यावा. समाजाकडेही एक मागणे आहे. आपली वाचनालये आणि देवस्थानांची सभागृहे मुलांसाठी पुस्तके ठेवतात, कॅरम ठेवतात. तेथेच एक यंत्र आणि चांगल्या खेळांच्या, जोडणीवाचून चालणाऱ्या तबकड्यांचा एक संग्रह का असू नये? वडीलधाऱ्यांच्या देखत मुले खेळतील, लहान गावातील मुलास खेळ मिळेल, आणि देवळाच्या भांड्यांप्रमाणे ते खेळ पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या मालकीचे राहतील. आणि जोवर तबकडी बाजारात मिळते आहे, तोवर प्रत्येकाने खेळ घेताना दुकानदारास एक प्रश्न जरूर विचारावा : या डबीत खेळ आहे, की नुसती किल्ली? किल्ली असेल तर ती त्याच्याच गल्ल्यात राहू द्यावी.